भावाच्या जलदानाचं भाषण

मंगळवारी दुपारी विक्रमनं माझ्या भावाला मारलं. फाट्यावर मारलं. मी रस्त्याच्या पलीकडे होतो.

मिलिंद टेम्पो चालवायचा. गावातला कांदा, भुसार मिरजगावच्या बाजाराला न्यायचा. त्या दिवशी तो पोती चढवून घेत होता आणि मागून विक्रमची गाडी आली. विक्रम हा आमच्या शाळेच्या संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या. अध्यक्षांना सगळा भाग साहेब म्हणतो. विक्रमनं काच खाली केली आणि ए मिल्या, टेम्पो काढ, असं फर्मावलं.

"काढतो. तू जरा थांब," मिलिंद म्हणाला.

"कुनाला तू म्हनला रं?"

"तुलाच. चौथीपर्यंत एका वर्गात हुतो आपन."

एवढंच बोलणं झालं. विक्रम उतरला. बरोबरचे दोघे उतरले. विक्रमनं उचलली ती टॉमी मिलिंदच्याच टेम्पोतली, चाक खोलायची लोखंडी सळई. पहिला घाव खांद्यावर बसला. दुसरा कानामागं. तो पडला, तरी मारत राहिले. हाड फुटल्याचा आवाज मी रस्त्यापलीकडून ऐकला. चहाच्या टपरीवर माणसं बसलेली होती. एकही उठला नाही. मी धावलो तर त्यांच्यातल्या एकानं माझ्या पोटात लाथ घातली. मी डांबरावर बसलो. श्वास येईना. विक्रमनं मिलिंदच्या तोंडावर बूट ठेवला आणि म्हणाला, "आता म्हन तू."

नगरच्या सिव्हिलला पोचेपर्यंत मिलिंद संपला. पोलीस ठाण्यात नोंद झाली ती पोती चढवताना टेम्पोवरून पडल्याची. मी सांगितलं, मी पाहिलंय. हवालदार म्हणाले, आधी साहेबांशी बोलून घ्या.

साहेबांशी बोलणं हे माझं जुनं काम. मी त्यांच्या शाळेत मराठी शिकवायचो आणि त्यांची भाषणं लिहायचो.

आमच्या भागात दशक्रियेला पुढाऱ्यांची भाषणं होतात. घाटावर मंडप असतो, माईक असतो. लोक कावळा शिवायची वाट बघत बसतात आणि एकेक जण उठून श्रद्धांजली वाहतो. साहेब एका सकाळी दोन-तीन गावं करायचे. सगळीकडचं भाषण माझं. मी आदल्या दिवशी मयताच्या घरी फोन करून एखादी बारीक गोष्ट काढून घ्यायचो. म्हातारी उन्हाळ्यात रस्त्याकडेला रांजण भरून ठेवायची. आजोबा बैल विकून आले आणि त्या रात्री जेवले नाहीत. ती गोष्ट मी तिसऱ्या परिच्छेदात ठेवायचो. तिथं बायका रडायच्या. साहेब आधी वाचून बघत नसत. गाडीतून उतरताना ड्रायव्हर कागद हातात द्यायचा. ते चष्मा लावायचे, ओळीवर बोट ठेवून वाचायचे. लोक म्हणायचे, साहेबांना माणसाची जाण आहे. मी मंडपाच्या मागं उभा असायचो.

बंगल्यावर माझी जागा व्हरांड्याच्या पायरीवर. मला चहा कागदी कपात. बाकीच्यांना चिनी मातीच्या. एकदा पाहुण्यांना माझ्याकडं बोट दाखवून साहेब म्हणाले, ह्यो मास्तर म्हंजे आमचं तोंड, फकस्त लोकांना दिसू द्यायचं न्हाई. पाहुणे हसले. मी चहा संपवला. कप स्वतःच उचलून बाहेर टाकला.

मिलिंदची राख अजून घरात होती तेव्हा निरोप आला. मी गेलो. साहेब सोफ्यावर होते. शेजारी विक्रम, मोबाईल बघत. मी पायरीवर बसलो. साहेबांनी सुस्कारा टाकला. झालं ते वाईट झालं, पोरगं गुणी होतं, असं बरंच बोलले. मग मुद्द्यावर आले. आमच्या बौद्धवाड्यात दशक्रियेच्या जागी जलदान असतं, त्याबद्दल.

"तुमच्या वाड्यात जलदानाला मी सोता येनार. दोन शब्द बोलीन. ते तूच लिहून दे मास्तर. त्याला तुझ्याइतकं कोन वळखतं? आन अपघाती निधन असं लिही. पोलिसांनी बी तेच घेतलंय."

माझी शिक्षक म्हणून मान्यता बरीच वर्षं अडकली होती. तीही करून टाकू, म्हणाले.

मला त्यांचा हिशोब कळला. सगळ्या लोकांसमोर साहेब अपघात म्हणणार. शब्द थोरल्या भावानं लिहिलेले. थोरला भाऊ समोर बसून ऐकणार. मग खून पाहिलेला माणूस उरतच नाही.

मी उठलो तेव्हा विक्रमनं मोबाईलमधून मान वर केली.

"मास्तर, रडू येईल असं लिही बरं का."

घरी येऊन मी लिहायला बसलो. भाषण घडाघडा आलं. कष्टाळू, हसतमुख, मनमिळाऊ. अवेळी काळानं घाला घातला. हे शब्द मी इतक्या मेलेल्यांना घातले होते की ते कुणाच्याही अंगाला बसत. तिसऱ्या परिच्छेदासाठी मी गोष्ट शोधू लागलो. माझ्याच भावाची गोष्ट. गिऱ्हाईकासाठी शोधतात तशी.

मिलिंदची बायको उषा मागं येऊन उभी राहिली होती. ती बारावी शिकलेली आहे. तिनं कागद घेतला आणि शेवटपर्यंत वाचला.

"भाऊजी, यात विक्रमचं नाव कुठंय?"

मी म्हणालो, श्रद्धांजलीत असं लिहीत नसतात.

"मग हे ह्यांचं न्हाई," ती म्हणाली आणि कागद माझ्यापुढं ठेवून आत गेली.

मी पहिले दोन परिच्छेद तसेच ठेवले. तिसरा फाडला. पुन्हा लिहिला. अक्षर मोठं काढलं, साहेबांना लागतं तसं.

जलदानाच्या सकाळी विहारापुढं मंडप भरला होता. बौद्धाचार्यांनी त्रिशरण पंचशील घेतलं. साहेब आले, पांढऱ्या कपड्यांत, मागं विक्रम आणि त्याची माणसं. ड्रायव्हरनं कागद मागितला. मी दिला. साहेबांनी चष्मा लावला. कष्टाळू म्हणाले, हसतमुख म्हणाले. बायकांनी पदर तोंडाला लावले. साहेबांनी आवाज जड केला.

"त्या दुपारी फाट्यावर मिलिंदच्या डोक्यात टॉमी घालणारा माझा पुतण्या..."

बोट थांबलं. तोंड एक शब्द पुढं गेलं.

"विक्रम."

माईक चालू होता. साहेबांनी माईकवर हात ठेवला आणि हळू आवाजात मला विचारलं, काय लिव्हलंय हे. मी उठलो होतो. माझं सगळं लिहिणं आजवर त्यांच्याच तोंडून बाहेर पडलं होतं. हे मला नुसतं त्यांच्या तोंडात ठेवायचं नव्हतं. मी माईक ओढून घेतला. वर्गात बोलतो ती भाषा आलीच नाही. घरातली आली.

"मी मिलिंदचा थोरला भाऊ. विक्रमनं त्याला मारला. ह्या डोळ्यांनी बघितलंय मी. अपघात न्हवता त्यो. खून हुता."

पुढचं बोलायच्या आत लोखंडी खुर्ची माझ्या पाठीत बसली. मी पडलो, पण माईक सोडला नाही. मग विक्रमची माणसं माईक धरलेल्या हातावर मारू लागली. विक्रमनं खुर्चीचा पाय माझ्या बोटांवर टेकवला आणि वर उभा राहिला. बोटं मोडली ती सगळ्या मंडपानं स्पीकरवरून ऐकली. तोंडात बूट आला. पुढचे दात गेले. रक्त गिळत मी नाव घेत राहिलो. विक्रम. विक्रम. उषा मोबाईल धरून उभी होती. तिला कुणीतरी दोनदा ढकललं. तिनं हात खाली घेतला नाही. मग आमच्या वाड्यातली माणसं उठली. फाट्यावर कुणी उठलं नव्हतं. इथं उठली.

ते चित्रण गावोगाव फिरलं तेव्हा कुठं गुन्हा दाखल झाला. खुनाचा आणि ॲट्रॉसिटीचा. शाळेनं मला गैरवर्तनाचं कारण देऊन काढलं. साहेब अजून दशक्रियांना जातात. कागद दुसरं कुणी लिहून देतं आणि साहेब तो आता गाडीतच दोनदा वाचून घेतात, असं ऐकतो.

माझ्या उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. म्हणून हे सावकाश लिहितोय. एक ओळ झाली की हात मांडीवर ठेवावा लागतो. कष्टाळू, हसतमुख हे शब्द मी यात मिलिंदसाठी वापरलेले नाहीत. तो तापट होता. पैसे आले की उडवायचा. कुणापुढंही मान खाली घालत नव्हता. त्याला एका माणसानं टॉमीनं मारलं. त्या माणसाचं नाव मी वर लिहिलं आहे आणि ते खोडणार नाही.

विक्रम जामिनावर सुटला आहे. निरोप येतात. मान्यता, उषाला नोकरी, वाड्याला रस्ता. मी निरोप आणणाऱ्याला चहा देतो आणि नाही म्हणून परत पाठवतो. टपरीवाल्यानं जबाब फिरवला. पोती चढवणाऱ्यानंही फिरवला. कोर्टात विचारतील तेव्हा मी पहिल्या घावापासून सांगणार आहे, माझ्या तोंडानं. ज्यांनी पाहिलं, त्यांच्यातला बोलणारा आता मी एकटा उरलो आहे.