चतुर्थीचे दोडके

आमच्या शाळेतल्या पोरांच्या लेखी भाजी म्हणजे बटाटा. खिचडीत ढेमसाची फोड सापडली की बोटाच्या टोकाने ताटाच्या कडेला ढकलायची, जणू गोगलगाय निघाली. मला याचा भारी राग यायचा. आमच्या मनीषनगरच्या थोडं पुढे गेलं की शेतं लागतात, आणि यांना वालाची शेंग ओळखू येत नाही.

शाळेचा स्वयंपाक एक मावशी करायच्या. त्यांच्या भावाचं शेत कळमेश्वरकडे. आसपासच्या सगळ्या शाळांचं जेवण आता एकाच मोठ्या स्वयंपाकघरातून गाडीने येणार, अशी चर्चा सुरू झाली तेव्हा मावशींचा चेहराच उतरला. मी मुख्याध्यापकांना म्हटलं, आपली मुलं इथली ताजी भाजी खातात हे दाखवून देऊ, म्हणजे आपली चूल वाचेल. सरांनी एक महिना दिला.

मावशी भावाच्या शेतातून पिशव्या भरभरून आणू लागल्या. अंबाडी मुलांनी थुंकली. चवळीच्या शेंगा निम्म्या उरल्या. पण तिसऱ्या आठवड्यात एका मुलीने कोहळ्याची भाजी पुन्हा मागितली आणि मावशी घाईने पदर खोचत वाढायला धावल्या. मला वाटलं, जमतंय.

मग दोडक्यांचा दिवस आला, आणि नेमकी संकष्टी चतुर्थी होती.

दोडका चिरताना बाया त्याचा तुकडा चाखून बघतात, कारण एक कडू निघाला तर अख्खी भाजी वाया जाते. मावशी उपासाच्या बाबतीत फार कडक. त्यांनी भाजी झाकून ठेवली आणि मला म्हणाल्या, "बाई, आज चतुर्थी हाय माह्यी. जिभेले काही लावलं नाही. तुम्ही चाखून घ्या."

वाढण्याआधी शिक्षिकेने चव घेऊन वहीत सही करायची, हा नियमच आहे. त्या दिवशी पाळी माझी होती. उपास माझाही होता. हे तोंडातून काढायला एक मिनिट लागलं असतं, दुसऱ्या बाईंना हाक मारायला आणखी एक. पण मावशींच्या हाताला नाव ठेवायला जागा नसते, असं म्हणत मी वहीत 'चव उत्तम' लिहिलं.

"बाई, हे कडू लागून राहिलं," पहिल्या रांगेतून आवाज आला. मग सगळीच घास थुंकू लागली. कोहळं मागणारी मुलगी रडत होती. सुदैवाने कुणी आजारी पडलं नाही, पण दुसऱ्या दिवशी पालक येऊन उभे राहिले.

सरांनी विचारलं, "चव कोणी घेतली होती?"

मी म्हटलं, "मी. मला तर ठीक लागली होती."

मावशी दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. माझ्या उपासाचं त्यांना माहीत होतं, आदल्या दिवशी शाळा सुटताना मीच उपासाचा शेंगदाण्याचा लाडू खाताना त्यांना अर्धा दिला होता. तरी माझं नाव न घेता त्या भांडी घासायला निघून गेल्या. मी सहीची वही मिटून कपाटात ठेवली.

आता गाडी येते. पिवळी, गुळगुळीत खिचडी, तिच्यात बटाटा. पोरं गुमान खातात. दोडका म्हटलं तरी तोंड वाकडं करतात, आणि ते आता मोठी होईपर्यंत तसंच राहणार, हे मला कळून चुकलंय.

परवा बाजारात मावशी दिसल्या. रस्त्याच्या कडेला पोतं अंथरून भाजी विकत बसल्या होत्या. मी अर्धा किलो दोडके मागितले. त्यांनी विळीवर एकेका दोडक्याचं टोक कापलं, ते चावून बघितलं आणि मगच दोडका तराजूत टाकला.

"मावशी, आज चतुर्थी ना?"

"हो," त्या म्हणाल्या आणि पुढचा दोडका उचलला.