दुधरामभाऊंची खिडकी

दुधराम कापगते यांचा आवाज ज्यानं ऐकला नाही, तो गोंदियाकडच्या गोरेगाव तालुक्यातला नव्हेच. शंकरपट कुठलाही असो, बैलजोड्या पळवायला माणसं गावोगावची, पण माइकवर दुधरामभाऊच. ‘सुटली, सुटली, कवडूभाऊची जोडी सुटली, डावा अंग चोरून राह्यला, उजवा वढून राह्यला, ढवऱ्यानं मान टाकली गा, ढवऱ्यानं मान टाकली,’ असं त्यांचं एकदा सुरू झालं की मागची माणसं पटाकडं पाठ करून निवांत चहा पीत आणि तरीही कोण जिंकलं ते बरोबर सांगत.

पण पट हिवाळ्यापुरता. उरलेलं वर्ष एवढ्या मोठ्या तोंडानं काय करावं? दुधरामभाऊंनी ते विमानांच्या कामी लावलं.

गावचा तलाव त्यांच्याच वाडवडिलांनी बांधलेला; कोहळ्यांचा तो पिढीजात धंदाच. त्याच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, संध्याकाळी ते आणि पतिराम मडावी बसत. पतिराम वनमजूर. जन्मभर जंगलात खाली पाहून चालला, साप-विंचू पाहत. आता सुटला, म्हणून वर पाहतो. आभाळात पांढरी रेघ उमटली की मोबाईलमध्ये तपासायच्या आधी सांगायचं, बोइंग का एअरबस. दुधरामभाऊ एअरबसचे, पतिराम बोइंगचा. का, ते दोघांनाही ठाऊक नाही. पटात एखादी जोडी पहिल्या नजरेत आपली होते, तसंच ते.

“बोइंग हाय,” पतिराम म्हणायचा. “चाल पाय ना गा त्याची. पाटलावानी चालून राह्यला.”

“पाटलावानी नाई, म्हाताऱ्यावानी. तुया जम्बोले त कुबडबी हाय.”

“कुबड नाई, माडी हाय ते. अन् तुयं दोन मजल्याचं एअरबस? बंद पाडलं का नाई कंपनीनं?”

“जम्बोबी बंदच झाला.”

“हो ना बापा.”

मग दोघंही खाली पाहत. घरातलं माणूस गेल्यासारखे. आणि मग पुढची रेघ.

यातल्या एकानंही विमानात पाय ठेवलेला नव्हता, हे वेगळं सांगायला नको.

बिरसी विमानतळावरून हैदराबादचं विमान सुरू झालं तेव्हा पाळीवर नवाच तंटा उभा राहिला. विमान लहान, दोन पंख्यांचं. पतिराम म्हणाला, “हे विमान नोहे, कुलर हाय.” दुधरामभाऊंनी मोबाईलमधून शोधून काढलं की या एटीआर कंपनीत अर्धा वाटा एअरबसचा आहे. त्या दिवसापासून तो कुलर त्यांच्या घरचा झाला. तो तलाव डाव्या हाताला ठेवून दक्षिणेला जायचा, आणि दुधरामभाऊ पाळीवर उभं राहून त्याची कॉमेंट्री करायचे. खालून.

अशात हैदराबादला दिलेली लेक पुष्पांजली हिनं आईबाबांची तिकिटं काढून पाठवली. दुधरामभाऊंनी फोनवर पहिलं विचारलं ते नातवाचं नाही.

“खिडकी कोन्त्या अंगाची हाय माय?”

“डाव्या अंगाची, बाबा. मले का मालूम नाई?”

झालं. माणसाची भूक उडाली. पणज्यानं डोक्यावर माती वाहून बांधलेला तलाव कधी कुणी वरून पाहिला नव्हता, तो आपण पाहणार. पतिरामशी बोलणं झालं. पटात जोडी सोडताना दाखवतात ती लाल झेंडी घेऊन त्यानं पाळीवर उभं राहायचं.

“दिसन का गा मी?” पतिराम.

“झेंडी हालव ना. तू नाई दिसला त चालन.”

भाऊंच्या बायकोला, सुमित्राबाईंना, या कशातच राम नव्हता. “मी डोरे मिटून बसीन,” त्या म्हणाल्या. “खिडकी तुमीच घ्या. मले खाली पायलं का गरगरते.”

विमानात दुधरामभाऊ खिडकीशी बसले, पट्टा बांधला, काच धोतराच्या सोग्यानं पुसली. शेजारी सुमित्राबाई, डोळे गच्च मिटलेले. दार लागलं. तेवढ्यात हवाई सुंदरी पुढं आली आणि गोंदियात चालतं तसल्या हिंदीत म्हणाली, “आगे वजन थोडा ज्यादा हो गया है. बैलेंस के लिए कोई एक जन पीछे बैठ सकते हैं क्या?”

आता, ज्यानं जन्मभर बैलबंडी हाकली त्याला वजन पुढं झाल्याचं सांगून पाहा. पुढं भार झाला की जू बैलाच्या मानेत रुततं. तिथं विचार करत नसतात, उठतात आणि मागं सरकतात. बाकीचे अजून एकमेकांकडं पाहत होते, तोवर दुधरामभाऊ पट्टा सोडून, बायकोचे गुडघे ओलांडून निघालेसुद्धा.

“बसा बसा, मी जातो मांगं. मुक्या जनावराले कायले तरास.”

सुंदरीनं त्यांना शेवटच्या रांगेत उजवीकडं बसवलं. खिडकीशी एक पोरगा हेडफोन लावून झोपलेला. पंखे घरघरले, विमान पळालं, आणि तेव्हा कुठं भाऊंना कळलं आपण काय करून बसलो ते. तलाव डावीकडं. ते उजवीकडं. उठायला गेले तर सुंदरीनं लांबूनच बोट हलवलं, “बैठे रहिए, अंकल.”

तिकडं झेंडी घेऊन पतिराम उभा असणार, आणि इकडं आपण झोपलेल्या पोराच्या कानशिलाकडं पाहून राहिलो. मग भाऊंनी पटातला घसा लावला.

“सुमित्रा व. डोरे उघड. खिडकीत पाय.”

पटाच्या पार दुसऱ्या टोकाच्या बैलांना ऐकू जाणारा तो आवाज. सगळं विमान मागं वळलं.

“नाई उघडत,” पुढून आवाज आला.

“मायासाठी उघड.”

आणि मग:

“अवो, धानाच्या बांध्या दिसून राह्यल्या. हिरव्या हिरव्या. गोधडीवानी.”

“तराव पाय, तराव.”

“थांबा ना. रस्ता आला. मोटारसायकल चालली कोनाची त. हे देऊर आलं वाटते... आला, आला, तराव आला. अवो, केवढा हाय. आपल्याले पाळीवरून आर्धाच दिसते. पार जंगलात घुसला हाय, हात पसरून बसला. पानी चमकून राह्यलं. बगळे उडाले, पांढरे, उडाले, वरतून पाठी दिसतात त्यायच्या...”

तीस वर्षं शेजारी बसून ऐकलेलं सगळं सुमित्राबाईंच्या तोंडून येत होतं, आणि भाऊंपेक्षा बरं येत होतं. डावीकडचे खिडक्यांना चिकटले, उजवीकडचे माना वर करून ऐकत राहिले. हेडफोनवाला पोरगा उठला आणि विचारू लागला, क्या हुआ. भाऊंनी त्याला हातानंच गप्प केलं.

“पतिराम?” त्यांनी विचारलं. आवाज लहानसा आला.

“लाल ठिपका हाय पाळीवर. हालून राह्यला. नाचूनच राह्यला म्हना. अवो, पडला वाटते... नाई, उठला, उठला.”

विमानभर टाळ्या झाल्या.

हैदराबादला उतरल्यावर पतिरामचा फोन. “दिसलं का गा?”

“सुमित्रानं पायलं. मी आयकलं.”

“मंग वयनीले दे.”

सुमित्राबाईंनी फोन घेतला आणि पहिल्या बांधीपासून सुरुवात केली. सामानाचा पट्टा फिरत होता. भाऊ बॅग उचलायची विसरून पुन्हा ऐकायला त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले.