सहा पायांचा पैलवान

शिंपीकाकांच्या ओठांत दोन-चार टाचण्या धरलेल्या असल्या की त्यांना बोलता येत नसे, आणि त्यांच्या बायकोच्या मते संसार टिकला तो त्यामुळेच.

ही बायको शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. अळ्या, किडे, शेवाळ यांच्याशिवाय तिला करमायचं नाही. शिवणाच्या खोलीतली माशांची टाकीही तिचीच. पण डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी तिला दोन आठवडे पालथं पडून राहायला सांगितलं. दृष्टी किती परत येईल, ते त्यांनाही सांगता येईना. नेमकी त्याच आठवड्यात टाकीत चौदा पिल्लं झाली. माशांतलं काकांना ओ की ठो कळत नव्हतं, तरी पिल्लं मोजून शेजारच्या खोलीत खबर द्यायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं.

"किती?" उशीत तोंड खुपसून ती विचारायची.

"चौदा."

पाचव्या दिवशी अकराच दिसली. काका चौदा म्हणाले. आठव्या दिवशी सात, तरी काकांचे आपले चौदाच. दिवसभरात ती हौसेने विचारायची ते एवढंच, तेही हिरावून घ्यायचा त्यांना धीर झाला नाही. वर खोट्याला अस्तर म्हणून ते पैलवानाचं गुणगान करायचे. पैलवान म्हणजे सगळ्यांत लांब पिल्लू, शस्त्रक्रियेआधी तिने आणून लावलेल्या नव्या पाणवनस्पतीला चिकटून ऐटीत बसणारं. "तुझ्यावर गेलंय," असंही ते सांगून मोकळे झाले होते.

दहाव्या दिवशी मात्र त्यांना राहवेना. सुईत दोरा ओवायचं भिंग त्यांनी काचेला लावलं. पैलवानाला पाय होते! एक, दोन, तीन... चक्क सहा. तेवढ्यात एक पिल्लू जवळून गेलं, पैलवानाचा खालचा ओठ हातासारखा झपकन पुढे आला आणि पिल्लू गडप. काका तसेच धावत आत गेले.

"अगं, पैलवान मासा नाहीच! त्याला पाय आहेत."

ती पडल्या पडल्या ताठ झाली. "शेपटी कशी आहे?"

"तीन पट्ट्या. झालर उसवून लोंबावी तशा."

"डोळे?"

"दोन बाजूंना दोन टिचबटणं."

"अहो, मग ती टाचणी आहे!"

काकांना हे फार लागलं. चाळीस वर्षांत त्यांची एक टाचणी कधी जमिनीवर पडली नव्हती, पाण्यात कुठली पडणार? तरी ते गेले, लोहचुंबक दोऱ्याला बांधून टाकीच्या तळातून दोनदा फिरवला आणि ओल्या बाहीने परत आले. "एकही नाही. उगाच आळ घेऊ नकोस."

ती उशीत खुदखुदायला लागली. "हसवू नका हो, हलायचं नाहीये मला! टाचणी म्हणजे चतुराची धाकटी बहीण. तळ्यावर उडते ती, काडीसारखी बारीक. तिची पिल्लं पाण्यात वाढतात आणि दिसेल ते खातात. ही त्या नव्या वनस्पतीवरून आली असेल." मग तिचं हसू थांबलं. "म्हणजे माझी पिल्लं किती उरली?"

"चार," काका म्हणाले. "पाचव्या दिवसापासून कमी होतायत. मी खोटं सांगत होतो."

तिला रडू येत होतं, आणि रडायलाही मनाई होती.

"तिला मारू नका," शेवटी ती म्हणाली. "बरणीत वेगळी ठेवा, एक काडी उभी करा. काडीवर चढून ती कात टाकते, मग पंख येतात. मला ते बघायचंय."

"आणि तोवर डोळा..." काका ओली बाही पिळू लागले.

"नाहीच दिसलं, तर तुम्ही सांगा. पण असेल तेच सांगा."

काकांनी बरणी तिच्या उशाशी आणून ठेवली, भिंग लावलं आणि पहिल्या पायापासून सांगायला सुरुवात केली.