माशी तिची, भक्ष्य माझं

लातूरच्या एका कॉलेजात मी आणि माझी मैत्रीण तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवायचो. सुट्टीच्या दिवशी रेणापूरच्या शिवारात दरोडेखोर माश्या शोधत हिंडायचो. तिथल्या माश्या तांदळाच्या दाण्याएवढ्या. वाळक्या काडीच्या टोकाला दबा धरून बसायच्या आणि उडता किडा हवेतच पकडून, सोंड खुपसून शोषून घ्यायच्या. माशी कोणती ते मैत्रीण ओळखायची. डोळ्यांमधली खाच, तोंडावरच्या मिशा, पंखांवरच्या शिरा ती भिंगाखाली बघायची. माशीच्या पायांत अडकलेला किडा तुडतुडा की मावा, ते सांगणं माझ्याकडं.

एका पावसाळ्यात ती बांधावरच बसून राहायला लागली.

"चपला घट्ट होऊन राहिल्यात गं," म्हणाली.

पाय सुजले होते. तपासलं तर दोन्ही किडन्या गेलेल्या. डायलिसिस सुरू झालं.

मग मी एकटीच शिवारात जायची, मोबाइलवर फोटो काढायची आणि दवाखान्यात तिला दाखवायची. एका हाताला नळ्या लावलेल्या, दुसऱ्या हाताच्या बोटांनी ती फोटो मोठा करायची.

"पंख मिटलेत हिचे. शिरा दिसंनात."

"दुसरा फोटो हाय की."

तो बघून तिनं डोळे मिटले. "तूच ठरव आता."

"मला माश्या कुठं ओळखता येतात?"

"येतील. लई अवघड न्हाई." जरा वेळानं तिनं विचारलं, "धरलंय काय तिनं?"

"तुडतुडा."

"जिवंत होता?"

"फोटो काढला तवा पाय हलत होते."

तिनं मोबाइल परत दिला आणि भिंतीकडं तोंड केलं. त्यानंतर मी फोटो नेले नाहीत. नुसती शेजारी बसायची.

दिवाळीच्या सुट्टीआधी ती गेली. मी तिच्या घरी गेले तेव्हा दफन उरकलं होतं. तिच्या अम्मीनं मला तिच्याच पलंगावर बसवलं.

"तुम्ही दोघी शेतात काय बघत होता गं?"

"माश्या, अम्मी."

"माश्याच?"

"हाव. किडे धरून खातात त्या."

"पाय सुजलेले, तरी यायची ती?"

"यायची."

"पाय सुजल्यापासून मला बाजाराला चाललेय म्हणून सांगायची," अम्मी म्हणाली.

शेजारणीनं चहा आणून ठेवला. आम्हा दोघींच्यानंही तो घेववला नाही.