चहासोबतची गोळी

१९८४च्या मार्चमध्ये माझ्या आईने डोकेदुखीची गोळी बंद केली. अंधेरीच्या एका कारखान्यात ती रेडिओचे सुटे भाग जोडायची. डोकं दुखतं म्हणून कुणी घरी जाऊ नये, यासाठी सुपरवायझर सकाळच्या चहासोबतच सगळ्या बायकांना गोळी वाटायचा. आईने ती चार वर्षं रोज घेतली. मग डॉक्टर म्हणाले, "बाई, आता या गोळ्यांनीच डोकं दुखतंय. बंद करा. आधी दुखणं वाढेल, मग थांबेल."

रजेची चिठ्ठी मी नेऊन दिली. सुपरवायझर हसला. "डोकं सगळ्यांचंच दुखतं रे. आईला सांग, गोळी घे आणि ये."

अकराव्या दिवशी तिचं डोकं दुखायचं थांबलं. बाराव्या दिवशी ती कामावर गेली. तिच्या स्टुलावर दुसरी बाई बसली होती. समोर चहा होता, बशीत गोळी होती.