पहिला चमचा सलीमभाईंचा

घरात श्रीखंडाचे रिकामे डबे साठतात ना, तसे आमच्याकडे मिसळीचे किस्से साठलेत. टाकवत नाहीत, आणि एकाचं झाकण भलत्यालाच लागतं. परवा लेक फोनवर म्हणाली, "आई, लिहून तरी ठेव." म्हणून बसले.

आम्ही पाच जण. मी शाळेत गणित शिकवायचे, म्हणून सगळे मला 'बाई' म्हणतात. नवरासुद्धा! नवरा म्हणजे श्रीकांत. सलीमभाई जुन्या नाशकात सोफे बनवतात, रेहानाभाभी त्यांच्या पत्नी. आणि दत्ता, मूळचा सायखेड्याचा, द्राक्षवाला. आमची पोरं एकाच रिक्षातून शाळेत जायची. पोरं शिकून बाहेरगावी गेली आणि आईबाप दर रविवारी सकाळी मिसळीला भेटत राहिले. दत्ताची बायको मात्र येत नाही. "मूठभर मटकीसाठी गाडी काढून गावाबाहेर जायचं?" म्हणते. तिचं चुकतं असं मला वाटत नाही.

आमचा नियम एकच. जागा नवी असली की पहिला चमचा सलीमभाईंचा. ते घास तोंडात घोळवणार, समोरच्या झाडाकडे बघणार आणि एक शब्द बोलणार. तोवर कुणी पावाला हात लावायचा नाही.

शब्दही तीनच. 'ठीक' म्हणजे उत्तम. 'हं' म्हणजे त्याच्या वर काही नाही. आणि 'चालेल' म्हणजे इथे पुन्हा यायचं नाही! भाईंना कुणाचं मन दुखवता येत नाही, त्यामुळे वाईटाला त्यांच्याकडे वेगळा शब्दच नाही.

* * *

मखमलाबाद रोडला एका मळ्यात नवी मिसळ सुरू झाली होती. मालक हौशी, स्वतः वाढत होता. भाईंनी चमचा घेतला, झाडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "चालेल."

मालक खूश! "चालेल काय साहेब, धावेल!" म्हणत त्याने जास्तीची जिलबी आणून ठेवली. भाईंनी तीही चाखली. म्हणाले, "ठीक."

मालकाचा चेहरा पडला. "मिसळ चालतेय, आणि जिलबी नुसती ठीक?" आणि मग हळूच म्हणाला, "तशी ती आम्ही बाहेरूनच आणतो."

* * *

एकदा शेजारच्या टेबलावर पुण्याची तरुण मंडळी होती. मिसळ निवून गेली तरी फोटो संपेनात. मला अशा वेळी फार राग येतो. त्यातली एक मुलगी फोनवर सांगत होती, "वी आर हॅविंग ब्रंच!"

दत्ताने विचारलं, "बाई, ब्रंच म्हंजी काय वो?"

"उशिरा उठणाऱ्यांचा नाश्ता. नाश्ता आणि जेवण एकातच."

"मंग आपलं ब्रंच नाय. मी पाचला उठून फवारणी करून आलोय," दत्ता म्हणाला. "आणि जेवणबी बाकी हाय."

* * *

रमजानमध्ये आम्ही कुणीच जात नाही. तसं कुणी ठरवलेलं नाही, सुरुवातीपासून तसंच चालत आलंय. पण एका रमजानात दत्ता कामासाठी त्र्यंबक रोडने चालला होता. एका जागी तर्रीचा वास आला आणि गडी उतरला. मिसळ मागवली, समोर आली, आणि चमचा काही उचलवेना. पहिला चमचा घ्यायला भाईच नाहीत!

शेवटी त्याने फोन लावला. "भाई, खाऊ का?"

"खा ना! रोजा माझा आहे, तुझा नाही."

"तसं नाय. चांगली हाय का, ते सांगा."

भाई म्हणाले, "फोन ताटाजवळ धर." दत्ताने खरंच धरला! क्षणभराने भाई म्हणाले, "ठीक."

* * *

तीन वर्षांपूर्वी भाईंच्या जिभेच्या कडेला गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग शेक सुरू झाले. रेडिएशनला हॉस्पिटलात सगळे शेकच म्हणतात. नाकातून नळी, बोलणं बंद. उशाशी नातवाची पाटी ठेवलेली, काही हवं असलं की भाई तिच्यावर लिहायचे.

रविवारी आम्ही भेटायला गेलो. भाईंनी लिहिलं, "कुठे जाऊन आलात?"

"कुठे नाही भाई. तुमच्याशिवाय कुठे जाणार?" मी म्हणाले.

भाईंनी पाटी पुसली, पुन्हा लिहिलं आणि आमच्यासमोर धरली. "दत्ताच्या शर्टावर रस्सा आहे."

दत्ता मान खाली घालून उभा. भाईंनी तिसऱ्यांदा लिहिलं, "कसा होता?" दत्ता म्हणाला, "चालेल, भाई." मग तो कॉरिडॉरमध्ये जाऊन बराच वेळ उभा राहिला.

* * *

डॉक्टरांनी तोंडाने खायला परवानगी दिली त्याच रविवारी भाई तयार होऊन दारात उभे! आवाज बसका झाला होता, शर्ट अंगावर लोंबत होता. गंगापूर रोडच्या बाजूला नवी जागा होती. मिसळ आली आणि वासावरूनच कळलं, रस्सा करपलाय. चांगलाच करपलेला. श्रीकांतने मला टेबलाखालून पाय मारला.

भाईंनी पहिला चमचा घेतला. झाडाकडे पाहिलं. डोळे मिटले आणि म्हणाले, "हं!"

आम्ही तिघांनी ती मिसळ संपवली. दत्ताने तर पुन्हा रस्सा मागितला. भाभी तेवढ्या खाली बघून पाव मोडत होत्या.

दुपारी त्यांचा फोन आला. "बाई, इनको कुछ नहीं लगता. शेकाने चव गेली. परवा माझ्या हातून चहात साखरेच्या जागी मीठ पडलं, तर पिऊन दुकानात गेले! मला म्हणाले, रेहाना, कुणाला सांगू नको. जीभच गेली तर रविवारी मला कोण बोलावणार?"

मला इतका राग आला! भाईंचा आला, आमचाही आला. इतक्या वर्षांत आम्ही या माणसाला एकदाही सांगितलं नव्हतं, की आम्ही मिसळीसाठी येत नाही म्हणून. मिसळ काय, दत्ताच्या बायकोने म्हटल्याप्रमाणे, मूठभर मटकी!

पण आता सांगायचं कसं? सांगितलं तर भाभींनी शब्द मोडला असं व्हायचं. मग आम्ही गुपचूप कामं वाटून घेतली. शनिवारी श्रीकांत आणि दत्ता आधी जाऊन जागा चाखून यायचे. चांगली असेल तिथेच रविवारी भाईंना न्यायचं. त्यांनी काहीही म्हटलं तरी ते खरं ठरायला हवं! श्रीकांतची ॲसिडिटी त्याच काळात वाढली. आठ-दहा रविवार असेच गेले, आणि भाईंना काही कळलेलं नाही अशी आमची खात्री होती.

* * *

त्याच वर्षीच्या डिसेंबरातली गोष्ट. सोमेश्वरच्या पुढे एक बाई आपल्या अंगणात मिसळ देतात. चार टेबलं, सगळं एकट्याच करतात. आधी ताटं आली. हळद-मिठातली मटकी, शेव, कांदा, लिंबू. आम्ही सवयीने हात मांडीवर ठेवून थांबलो.

भाईंनी चमचा उचलला, मटकी भरली आणि दत्ताच्या समोर धरला. "आज तू."

"मी कशाला भाई? रीत हाय ना आपली."

"तू खा. मी तुझं तोंड बघून सांगतो. दोन महिने चमचा उचलताना तुझं तोंड बघूनच सांगतोय."

भाभींनी माझा हात धरला. भाई हसत होते, चमचा तसाच पुढे धरून.

"शनिवारी तुम्ही दोघं येऊन जाता, तेही माहीत आहे मला," भाई म्हणाले. "घे. हात दुखतो."

दत्ताने घास घेतला. चावत राहिला. त्याचं नाक लाल झालं, मग डोळ्यांतून जे पाणी सुरू झालं ते थांबेचना. बाहीने पुसलं तरी येतच होतं. भाई पुढे वाकून नीट त्याच्या तोंडाकडे बघत होते. झाडाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

शेवटी ते मागे टेकले आणि म्हणाले, "तिखट आहे."

"फार!" मी म्हणाले.

"जाळ आहे नुसता," श्रीकांत म्हणाला आणि चष्मा पुसायला लागला.

तेवढ्यात त्या बाई पातेलं घेऊन टेबलापाशी आल्या आणि दत्ताकडे बघत म्हणाल्या, "तिखट? अहो, रस्सा तर अजून माझ्या हातातच आहे!"