लॅबमधली काळी स्क्रीन

कपाशीवर अळी आवरेनाशी झाली त्या वर्षांतली ही गोष्ट. पांढरकवड्यात आमचं एकच दुकान होतं. एका बाजूला अब्बा फवारणीचे पंप दुरुस्त करायचे, दुसऱ्या बाजूला मी कॉम्प्युटर. फवारणीच्या दिवसांत अब्बांना जेवायलाही उसंत नसायची.

अशाच एका दुपारी दवाखान्यासमोरची लॅब चालवणाऱ्या ताईंचा फोन आला.

"भाऊ, हातातलं सोडून ये. स्क्रीन काळी पडली."

ताईंकडचं रक्त तपासायचं यंत्र जुनं होतं. त्याचा प्रोग्राम फक्त जुन्या विंडोजवर चाले. जुना कॉम्प्युटर जळाल्यावर मी त्यांना नव्या कॉम्प्युटरमध्ये व्हर्च्युअल मशीन बसवून दिलं होतं, म्हणजे एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा, आणि त्या दुसऱ्यात जुनं विंडोज. यंत्राने काढलेला आकडा त्या आतल्या स्क्रीनवरच उमटायचा.

मी पोचलो तेव्हा बाकावर झरी जामणीकडची एक बाई बसली होती. तिचा नवरा फवारता फवारता शेतातच कोसळला होता. समोरच्या दवाखान्यात त्याच्यावर उपचार सुरू होते, पण विषाचा जोर किती आहे हे डॉक्टरांना रक्तावरून पाहायचं होतं. नमुना यवतमाळला पाठवला असता तर निकालाला संध्याकाळ झाली असती.

"सकाळी लाईट गेली अन् आली, तवापासून असंच आहे," ताई म्हणाल्या. "सुरू होताना काहीतरी सूचना येते. मी ओके दाबते अन् पुढे जाते."

स्क्रीनवरची त्या आतल्या मशीनची खिडकी काळी होती, पण खालच्या पट्टीत डिस्कचं चिन्ह लुकलुकत होतं. आतलं विंडोज चालू होतं, त्याचं चित्र तेवढं बाहेर येत नव्हतं.

"बंद पडलं काय जी?" बाईने विचारलं.

"नाही बाई. चालू हाय. आपल्याले दिसून नाही राह्यलं."

तसंच दाबून बंद केलं तर जुनं विंडोज कायमचं बिघडायची भीती होती. मी मेनूतून त्याला बंद होण्याचा इशारा पाठवला आणि थांबलो. फार वेळ काहीच झालं नाही. बाई माझ्या हाताकडे पाहत होती. शेवटी खिडकी मिटली.

सेटिंग्जमध्ये पाहिलं. लाईट आल्यावर सुरू होताना बाहेरच्या विंडोजने स्वतःला अपडेट करून घेतलं होतं, आणि ग्राफिक्सचा वेग वाढवणारा पर्याय त्याच्याशी जुळत नव्हता. मी तो काढून टाकला. पुन्हा सुरू करताना ती सूचना आली. या वेळी मी ती नीट वाचली. यंत्राचं पोर्ट सापडत नव्हतं. टेबलामागे वाकून पाहिलं तर झाडताना निघालेली केबल शेजारच्या खाचेत लावलेली. ती जागेवर लावली आणि परत सुरू केलं. सूचना आली नाही. स्क्रीन उजळली, यंत्राशी जोडणी झाली.

ताईंनी नमुना लावला. आकडा आला. त्यांनी तो पाहिला आणि तपासणी पुन्हा केली. मग कागद घेऊन स्वतःच दवाखान्यात गेल्या.

"किती आला जी?" बाईने मला विचारलं.

"मले त्यातलं समजत नाही बाई," मी म्हणालो. ते खरंच होतं. पण ताईंचा चेहरा मी पाहिला होता, आणि माझ्याने तिच्याकडे बघवेना. थोड्याच वेळात तिच्या नवऱ्याला ॲम्ब्युलन्समधून यवतमाळला हलवलं. ती त्याच्या पायाशी बसून गेली.

त्या हंगामात ताईंकडे असे नमुने येतच राहिले. ज्यांचे ते होते, ते सगळेच काही घरी परतले नाहीत.

त्या बाईचा नवरा परतला. कापसाची वेचणी सुरू झाल्यावर तो फेरतपासणीला आला तेव्हा मी लॅबमध्येच होतो. फार वाळला होता. बायको सोबत होती. तिने मला ओळखलं आणि त्याला हळूच काही सांगितलं. त्याने हात जोडले.

"आता फवाराले नाही जात," तो बायकोकडे पाहत म्हणाला. "वावर हेच पाह्यते."

ताईंनी त्याची बाही वर सारली आणि शीर शोधू लागल्या.